थायरॉईड कर्करोगाचे अ‍ॅनाप्लास्टिक रूपांतर

थायरॉईड कर्करोगाचे अ‍ॅनाप्लास्टिक रूपांतर म्हणजे थायरॉईड (अवटू) ग्रंथीतील मंद गतीने वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशींनी आपले मूळ गुणधर्म गमावून अतिशय वेगाने वाढणाऱ्या, अविभेदित कर्करोगाचे रूप धारण करणे होय. या रूपांतरातून निर्माण होणाऱ्या रोगास अ‍ॅनाप्लास्टिक थायरॉईड कर्करोग असे म्हणतात. हा रोग प्रामुख्याने साठीनंतरच्या वयात आढळतो. थायरॉईडच्या सर्व कर्करोगांत त्याचे प्रमाण सुमारे १ ते २ टक्के असले, तरी या ग्रंथीच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये त्याचा वाटा फार मोठा असतो.

थायरॉईडचे बहुतेक कर्करोग उपचारांना उत्तम प्रतिसाद देतात व रुग्ण अनेक दशके जगतो. त्यामुळे मानेतील जुन्या गाठीकडे रुग्ण आणि कुटुंबीय निर्धास्तपणे पाहतात. अ‍ॅनाप्लास्टिक रूपांतर हा या नियमाला असलेला गंभीर अपवाद आहे. त्यात गाठ काही आठवड्यांत दुप्पट होऊ शकते आणि निदानास झालेला अल्प विलंबही उपचारांचे पर्याय कमी करतो.

## ग्रंथी व तिच्या कर्करोगाचे प्रकार

थायरॉईड ही मानेच्या पुढील भागात, श्वासनलिकेला लागून असलेली फुलपाखराच्या आकाराची अंतःस्रावी ग्रंथी आहे. तिच्यातील पुटक पेशी रक्तातील आयोडीन शोषून घेऊन थायरॉक्सिन व ट्रायआयोडोथायरोनिन ही संप्रेरके तयार करतात. या पेशींपासून उद्भवणाऱ्या कर्करोगांचे त्यांच्या विभेदनानुसार पुढीलप्रमाणे वर्गीकरण केले जाते.

* विभेदित कर्करोग – यात पॅपिलरी, फॉलिक्युलर आणि ऑन्कोसायटिक हे प्रकार येतात. पॅपिलरी हा सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. या कर्करोगांच्या पेशी बऱ्याच अंशी मूळ पेशींसारख्या वागतात, आयोडीन शोषतात आणि थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन तयार करतात.
* अल्पविभेदित व उच्च श्रेणीचे कर्करोग – हे मधल्या पायरीवरचे कर्करोग होत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात उच्च श्रेणीच्या विभेदित कर्करोगाला स्वतंत्र स्थान देण्यात आले.
* अ‍ॅनाप्लास्टिक कर्करोग – यात पेशींनी विभेदन जवळजवळ पूर्णपणे गमावलेले असते.

मेड्युलरी कर्करोग हा थायरॉईडमधील वेगळ्या, म्हणजे कॅल्सिटोनिन तयार करणाऱ्या ‘सी’ पेशींपासून उद्भवतो. तो वरील क्रमाचा भाग नाही.

## रूपांतराची प्रक्रिया

अ‍ॅनाप्लास्टिक कर्करोग काही रुग्णांत थेट उद्भवल्यासारखा दिसतो. परंतु शस्त्रक्रियेने काढलेल्या ग्रंथीचे बारकाईने परीक्षण केले असता अनेकदा त्याच गाठीत पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर कर्करोगाचे अवशेष सापडतात. दोन्ही भागांत समान जनुकीय उत्परिवर्तने आढळणे हा एकापासून दुसरा उद्भवल्याचा महत्त्वाचा पुरावा मानला जातो. रूपांतर ग्रंथीतच घडते असे नाही. पूर्वी उपचार झालेल्या रुग्णाच्या मानेतील लसीका ग्रंथींत किंवा दूरच्या अवयवांत राहिलेल्या रोगातही ते होऊ शकते.

हा बदल टप्प्याटप्प्याने घडतो. सुरुवातीच्या काळात बीरॅफ किंवा रास या जनुकांतील उत्परिवर्तनामुळे पेशींना सतत वाढीचा संदेश मिळू लागतो. एवढ्याने निर्माण होणारा रोग सहसा मंद गतीचा असतो. पुढे टर्ट जनुकाच्या नियंत्रक भागातील उत्परिवर्तनामुळे पेशीला अमर्याद विभाजनाची क्षमता प्राप्त होते. टीपी५३ हे जनुक निकामी झाल्यास सदोष पेशी नष्ट करणारी यंत्रणाच बंद पडते. याशिवाय पीआयके३सीए आणि पीटेन या जनुकांतील बदलही आढळतात.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात ३३ अ‍ॅनाप्लास्टिक आणि ८४ अल्पविभेदित अर्बुदांची तपासणी करण्यात आली. टीपी५३ मधील उत्परिवर्तन अ‍ॅनाप्लास्टिक अर्बुदांत ७३ टक्के, तर अल्पविभेदित अर्बुदांत केवळ ८ टक्के आढळले. टर्टच्या नियंत्रक भागातील उत्परिवर्तनाचे प्रमाण अनुक्रमे ७३ व ४० टक्के होते. रोग जसजसा विभेदन गमावतो, तसतसे हे दोष साचत जातात, असे यातून दिसते.

रूपांतरित पेशी आयोडीन आत घेणारे वाहक प्रथिन तयार करीत नाहीत. त्यामुळे विभेदित कर्करोगावर प्रभावी ठरणारे किरणोत्सारी आयोडीन येथे निरुपयोगी ठरते. थायरोग्लोब्युलिनची निर्मितीही थांबते. म्हणून मानेतील रोग वाढत असतानाही रक्तातील थायरोग्लोब्युलिनची पातळी कमी असू शकते. केवळ या तपासणीवर विसंबून राहिल्यास रूपांतर लक्षात येत नाही.

## वय व जोखीम

निदानाच्या वेळी बहुतेक रुग्णांचे वय ६० ते ८० वर्षांच्या दरम्यान असते. पन्नाशीपूर्वी हा रोग क्वचित होतो. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक असते. वाढत्या वयाबरोबर पेशींत उत्परिवर्तने साचणे आणि अनेक वर्षे ग्रंथीत राहिलेल्या रोगाला बदलण्यास पुरेसा अवधी मिळणे, ही वृद्धांत अधिक प्रमाण असण्याची संभाव्य कारणे होत.

विभेदित थायरॉईड कर्करोगातही वय हा रोगाची दिशा ठरवणारा महत्त्वाचा घटक आहे. अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सर या संस्थेच्या आठव्या आवृत्तीत अवस्था ठरवण्यासाठीची वयोमर्यादा ४५ वरून ५५ वर्षे करण्यात आली.

दीर्घकाळाचा गलगंड हा अनेक रुग्णांच्या इतिहासात आढळतो. आयोडीनची कमतरता असलेल्या प्रदेशांत फॉलिक्युलर व अ‍ॅनाप्लास्टिक कर्करोगांचे प्रमाण तुलनेने जास्त असल्याचे नोंदवले गेले असून आयोडीनचा पुरवठा सुधारल्यावर ते घटल्याचेही दिसून आले आहे. मात्र गलगंड असलेल्या बहुसंख्य व्यक्तींना कर्करोग होत नाही, आणि विभेदित कर्करोग झालेल्यांपैकीही अत्यल्प रुग्णांतच रूपांतर घडते.

## लक्षणे

मानेतील गाठ अचानक वेगाने वाढणे हे सर्वांत महत्त्वाचे लक्षण आहे. वर्षानुवर्षे स्थिर असलेली गाठ काही आठवड्यांत मोठी, कठीण आणि न हलणारी होते. गाठ आजूबाजूच्या अवयवांत शिरल्यामुळे पुढील लक्षणे उद्भवतात.

* स्वरयंत्राच्या तंत्रिकेवर परिणाम होऊन आवाज बसणे किंवा घोगरा होणे
* अन्ननलिकेवर दाब येऊन गिळताना त्रास होणे, प्रथम घन व नंतर द्रव पदार्थ अडकणे
* श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणे, श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येणे
* मान व कान यांत वेदना
* खोकल्यावाटे रक्त पडणे
* मानेच्या बाजूला लसीका ग्रंथींच्या गाठी येणे
* वजन घटणे व अशक्तपणा

वृद्ध व्यक्तींत यांपैकी काही लक्षणे दमा, घशाचा संसर्ग किंवा वार्धक्य यांच्या नावावर खपून जातात. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असणे आणि सोबत मानेत वाढती गाठ असणे, हे तातडीच्या तपासणीचे कारण मानले जाते. श्वास घेताना आवाज येऊ लागल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

## निदान

मानेची सोनोग्राफी आणि सुईद्वारे पेशी काढून केलेली तपासणी, म्हणजेच एफएनएसी, या पहिल्या पायऱ्या होत. गाठीत मृत पेशींचे प्रमाण अधिक असल्यास सुईने मिळालेला नमुना अपुरा ठरतो. अशा वेळी जाड सुईची किंवा शस्त्रक्रियेद्वारे बायोप्सी करावी लागते. सूक्ष्मदर्शकाखाली तर्कूच्या आकाराच्या, महाकाय किंवा शल्कपेशींसारख्या पेशी दिसतात. विभाजन पावणाऱ्या पेशींचे प्रमाण अधिक असते. ऊतकाच्या विशेष रंजन तपासण्यांत थायरोग्लोब्युलिन सहसा आढळत नाही, मात्र पॅक्स८ हे प्रथिन बऱ्याच रुग्णांत टिकून असते व मूळ ग्रंथी ओळखण्यास मदत करते.

वेगाने वाढणारी प्रत्येक गाठ अ‍ॅनाप्लास्टिक नसते. थायरॉईडचा लिम्फोमा वृद्ध स्त्रियांमध्ये, विशेषतः हाशिमोटो थायरॉईडदाह असलेल्यांमध्ये, अगदी असेच रूप घेऊन येतो. परंतु तो केमोथेरपी व किरणोपचारांना चांगला प्रतिसाद देतो. एकेकाळी लघुपेशी अ‍ॅनाप्लास्टिक कर्करोग म्हणून नोंदवलेली बरीच अर्बुदे पुढे लिम्फोमा असल्याचे सिद्ध झाले. अल्पविभेदित व मेड्युलरी कर्करोग, तसेच अन्य अवयवांतून पसरलेला कर्करोग हेही वगळावे लागतात. म्हणून ऊतक तपासणी झाल्याखेरीज रुग्णाला असाध्य ठरवणे योग्य मानले जात नाही.

प्रसाराचे मापन सीटी स्कॅन, एमआरआय व पेट स्कॅनद्वारे केले जाते. अ‍ॅनाप्लास्टिक पेशी ग्लुकोज मोठ्या प्रमाणात वापरत असल्याने पेट स्कॅनमध्ये त्या ठळक दिसतात. स्वरतंतूंची हालचाल व श्वासमार्गाची रुंदी दुर्बिणीने पाहिली जाते.

निदान होताच बीरॅफ जनुकातील व्ही६००ई या उत्परिवर्तनाची तपासणी करणे आज अत्यावश्यक समजले जाते, कारण त्यावर उपचाराची निवड अवलंबून असते. जनुकीय तपासणीच्या अहवालास वेळ लागत असल्यास ऊतकाच्या रंजनाद्वारे प्राथमिक उत्तर लवकर मिळू शकते.

## अवस्था

या रोगाची तीव्रता लक्षात घेऊन निदानाच्या वेळीच तो चौथ्या अवस्थेत गणला जातो. तिचे तीन उपप्रकार आहेत.

* ४ अ – रोग थायरॉईड ग्रंथीपुरता मर्यादित
* ४ ब – रोग ग्रंथीबाहेरील स्नायू वा अवयवांत शिरलेला किंवा मानेतील लसीका ग्रंथींत पसरलेला
* ४ क – फुप्फुसे, हाडे, मेंदू अशा दूरच्या अवयवांत प्रसार

सुमारे निम्म्या रुग्णांत निदानाच्या वेळीच दूरस्थ प्रसार झालेला असतो. फुप्फुसे हे त्याचे सर्वांत सामान्य स्थान होय. मोठ्या विभेदित कर्करोगात अ‍ॅनाप्लास्टिक रूपांतराचा लहानसा भाग योगायोगाने सापडल्यास रोगाची दिशा तुलनेने चांगली असते.

## उपचार

उपचारांचा निर्णय शल्यचिकित्सक, कर्करोगतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ व वेदनाशमन तज्ज्ञ यांनी एकत्रितपणे घेणे अपेक्षित असते. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने या रोगासाठी २०१२ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली व २०२१ मध्ये ती सुधारली. उपचाराची उद्दिष्टे रुग्णाशी आरंभीच स्पष्टपणे बोलण्यावर त्यांत भर आहे.

### शस्त्रक्रिया

गाठ पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे काढता येण्याजोगी असल्यासच शस्त्रक्रिया केली जाते. गाठीचा मोठा भाग मागे ठेवणाऱ्या शस्त्रक्रियेचा लाभ होत नाही. उलट जखम भरण्यात वेळ गेल्याने अन्य उपचार लांबतात. श्वासमार्ग बंद होण्याची भीती असल्यास गळ्याला छिद्र पाडून नळी बसवण्याचा, म्हणजे ट्रॅकिओस्टोमीचा, विचार करावा लागतो. कठीण गाठीमुळे ही शस्त्रक्रिया अवघड असते आणि ती केल्याने मूळ रोग थांबत नाही. म्हणून ती सरसकट न करता गरजेनुसार केली जाते.

### किरणोपचार व केमोथेरपी

शस्त्रक्रियेनंतर, तसेच शस्त्रक्रिया शक्य नसल्यास, मानेवर बाह्य किरणोपचार दिले जातात. सोबत डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल, कार्बोप्लॅटिन यांपैकी औषधे वापरली जातात. पूर्ण मात्रेचा किरणोपचार सुमारे सहा आठवडे चालतो. अशक्त वृद्धांसाठी कमी दिवसांचा, त्रास कमी करण्यापुरता किरणोपचार हा पर्याय असतो.

### लक्ष्यवेधी औषधे

बीरॅफ व्ही६००ई उत्परिवर्तन असलेल्या रुग्णांसाठी डॅब्राफेनिब व ट्रॅमेटिनिब या गोळ्यांच्या संयोगाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०१८ मध्ये मान्यता दिली. ३६ रुग्णांच्या चाचणीत ५६ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय प्रमाणात लहान झाल्या आणि मध्यम जीवनकाल १४.५ महिने राहिला. काही रुग्णांत या गोळ्यांनी गाठ आक्रसल्यावर पूर्वी अशक्य असलेली शस्त्रक्रिया शक्य होते. मात्र कालांतराने रोग औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. हे उत्परिवर्तन नसलेल्या रुग्णांना या संयोगाचा उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी प्रतिकारशक्तीला चालना देणारी औषधे व अन्य जनुकीय लक्ष्ये यांवर संशोधन सुरू आहे.

## जीवनकाल

पारंपरिक उपचारांत मध्यम जीवनकाल केवळ तीन ते सहा महिने असे. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्राने २०२० मध्ये ४७९ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. २००० ते २०१३ या काळातील रुग्णांपैकी ३५ टक्के एक वर्ष जगले होते, तर २०१७ ते २०१९ या काळात हे प्रमाण ५९ टक्क्यांवर पोहोचले. ही आकडेवारी विशेषज्ञ केंद्रातील असल्याने ती सर्वत्र जशीच्या तशी लागू होत नाही. परंतु लवकर जनुकीय तपासणी व तत्पर उपचार यांनी फरक पडतो, हे त्यातून दिसते. अधिक वय, दूरस्थ प्रसार, मोठी गाठ आणि खालावलेली शारीरिक स्थिती ही प्रतिकूल लक्षणे मानली जातात.

## परिहारक सेवा

वेदना, गिळण्याचा त्रास, श्वास कोंडण्याची भीती आणि कुटुंबीयांवरील ताण यांवर उपाय करणारी परिहारक सेवा निदानापासूनच सुरू करावी, असे मानले जाते. ती सुरू करणे म्हणजे उपचार थांबवणे नव्हे. मॉर्फिन हे तीव्र वेदना व धाप या दोहोंवर उपयुक्त औषध आहे. भारतात अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन त्याच्या वैद्यकीय उपलब्धतेतील अडथळे कमी करण्यात आले.

रोगाचा वेग पाहता रुग्ण बोलू शकत असतानाच गळ्यात नळी बसवावी का, अतिदक्षता विभागात ठेवावे का, शेवटचे दिवस कोठे घालवायचे, याविषयी त्याची इच्छा जाणून घेणे महत्त्वाचे ठरते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी जीवनेच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सोपी केली. मुंबईतील वांद्रे येथील शांती अवेदना सदन (स्थापना १९८६) ही अंतिम अवस्थेतील कर्करुग्णांची सेवा करणारी भारतातील पहिली संस्था मानली जाते.

## महाराष्ट्रातील सुविधा

मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले व १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आले. भाभा अणुसंशोधन केंद्राचे परळ येथील विकिरण औषध केंद्र १९६३ पासून कार्यरत असून थायरॉईड कर्करोगावरील किरणोत्सारी आयोडीन उपचारांसाठी ते ओळखले जाते. कर्करोगाच्या नोंदणीचे कामही राज्यात लवकर सुरू झाले. मुंबई कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये, तर सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील ग्रामीण लोकसंख्येवर आधारित नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली.

सातारा-सांगली भागातील रुग्णांचा प्रवास सामान्यतः स्थानिक दवाखान्यातून जवळच्या वैद्यकीय केंद्राकडे आणि गरज पडल्यास पुणे वा मुंबईकडे होतो. कराड–विटा मार्गावरील कडेगाव या सांगली जिल्ह्यातील तालुक्याच्या गावाला पश्चिमेस कराड येथील कृष्णा रुग्णालय, तर दक्षिणेस सांगली-मिरज ही वैद्यकीय केंद्रे आहेत. मिरजेत १८९४ मध्ये सुरू झालेले वानलेस रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सिद्धिविनायक गणपती कर्करोग रुग्णालय आहे. सांगलीतील भारती रुग्णालय हे भारती विद्यापीठाचे असून या विद्यापीठाचे संस्थापक पतंगराव कदम हे कडेगाव तालुक्यातील सोनसळ गावचे होत.

अशा ठिकाणांहून मोठ्या केंद्राकडे जाताना बायोप्सीचा मेणठोकळा व काचपट्ट्या, स्कॅनच्या प्रती आणि पूर्वीच्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे सोबत असल्यास बायोप्सी पुन्हा करण्यात जाणारे दिवस वाचतात. श्वासमार्ग अरुंद झालेल्या रुग्णाने लांबचा प्रवास करण्यापूर्वी नजीकच्या रुग्णालयात श्वासमार्गाची तपासणी करून घेणे आवश्यक असते.

खर्चासाठी राज्यात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली होती. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले. लक्ष्यवेधी औषधे महाग असल्याने ती योजनेत समाविष्ट आहेत का, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्र किंवा समाजसेवा विभागाकडे करावी लागते.

## प्रतिबंध

हा रोग निश्चितपणे टाळण्याचा उपाय ज्ञात नाही. विभेदित कर्करोगाचे वेळीच निदान व पूर्ण उपचार, उपचारानंतरचा नियमित पाठपुरावा आणि जुन्या गलगंडाची अधूनमधून तपासणी यांमुळे धोका कमी होतो. भारतात १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व १९९२ मध्ये त्याचे नाव बदलून राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे करण्यात आले. आयोडीनयुक्त मिठाचा वापर हा त्याचा गाभा आहे. गाठ किती वर्षे जुनी आहे यापेक्षा ती अलीकडे बदलली आहे का, हा प्रश्न वृद्धांच्या तपासणीत अधिक महत्त्वाचा असतो.

## हे सुद्धा पहा

* अवटू ग्रंथी
* गलगंड
* कर्करोग
* टाटा स्मारक रुग्णालय
* किरणोपचार
* कडेगाव